नदीचे मूळ आणि इलेक्ट्रॉनांचा झोत

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीतले शहाणपण उघड आहे. थोरवी उगमात नसते, ती पुढच्या वाटचालीत असते. गोदावरी ब्रह्मगिरीवर एका बारीक धारेच्या रूपाने प्रकट होते. तिला विशालता येते ती वाटेत येऊन मिळणाऱ्या नद्यांमुळे. परंतु आधुनिक पदार्थविज्ञानात एक प्रवाह असा आहे की, त्याला हा न्याय नेमका उलटा लागू पडतो. उगमाशी त्याच्या ठायी जो गुण नसेल, तो पुढे मैलोगणती धावूनही त्याला लाभत नाही. आणि उगमाशी जो गुण असेल, तो वाटेत गमावण्याची भीती मात्र पावलोपावली असते. हा प्रवाह म्हणजे कणवेगवर्धकातून धावणारा इलेक्ट्रॉनांचा झोत. त्याचे मूळ शोधल्यावाचून, किंबहुना ते मूळ आपल्या हातांनी घडविल्यावाचून, शास्त्रज्ञांना गत्यंतर उरले नाही. ते मूळ कसे घडवितात, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

इलेक्ट्रॉनांचा झोत ही वस्तू आपल्याला अगदीच अपरिचित नाही. ज्यांनी नळ्यांचे रेडिओ वापरले आहेत, त्यांना त्या नळीच्या पोटात तांबूस दिसणारी तार आठवत असेल. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेच्या नळीतही मागच्या बाजूस अशीच एक तापलेली टिकली असे. धातू पुरेसा तापविला की त्यातील काही इलेक्ट्रॉन बाहेर उसळतात. या क्रियेचा नियम ओवेन रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला आणि त्यासाठी त्याला १९२८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन विद्युत् क्षेत्राने पुढे ओढून घ्यावयाचे, चुंबकांनी वळवावयाचे आणि एकवटावयाचे, एवढे केले की झोत तयार होतो. कणवेगवर्धकाचे काम तत्त्वतः याहून वेगळे नाही. फरक आहे तो प्रमाणाचा. दूरचित्रवाणीच्या नळीत काही हजार व्होल्ट पुरत. मोठ्या वेगवर्धकात इलेक्ट्रॉनाला अब्जावधी व्होल्टांच्या तोडीची ऊर्जा दिली जाते.

पण नुसती ऊर्जा म्हणजे गुणवत्ता नव्हे. जत्रा सुटल्यावर मंडपातून बाहेर पडणारा समुदाय आणि संचलनासाठी निघालेली पलटण, या दोहोंत माणसे तितकीच असू शकतील. पण समुदायातला प्रत्येक जण आपापल्या दिशेने जातो, तर पलटणीत सर्वांची पावले एका दिशेने आणि एका वेळी पडतात. इलेक्ट्रॉनांच्या झोताचेही तसेच आहे. झोत किती रुंद आहे, आणि त्यातील इलेक्ट्रॉनांच्या दिशा एकमेकींपासून किती फाकलेल्या आहेत, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे त्या झोताचा पसारा. शास्त्रज्ञ याला एमिटन्स म्हणतात. आपण पसारा हाच शब्द वापरू. थोड्या पसाऱ्यात जितके अधिक इलेक्ट्रॉन, तितका झोत प्रखर. म्हणजे प्रखरता केवळ संख्येची नव्हे. ती संख्या आणि शिस्त यांची मिळून आहे.

आता कोणी म्हणेल, झोत रुंद असला तर भिंगाने एकवटावा. चुंबकांची भिंगे तर हाताशी आहेतच. येथेच निसर्गाचा एक कठोर नियम आडवा येतो. पाण्याने भरलेला फुगा मुठीत दाबला, तर तो एका बाजूने बारीक होतो, पण दुसऱ्या बाजूने फुगतो. आतले पाणी कमी होत नाही. तद्वत झोताची रुंदी कमी केली की दिशांचा फाकटा वाढतो, आणि दिशा जुळवून घेतल्या की रुंदी वाढते. गुणाकार तेवढाच राहतो. या नियमाचे मूळ जोसेफ लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाच्या १८३८ सालच्या एका सिद्धांतात आहे. वेग वाढविल्याने झोत बारीक होताना दिसतो हे खरे. पुढची धाव वाढली की आडवी चंचलता तिच्या मानाने लहान वाटते. परंतु तो लाभ सर्वच झोतांना सारखा मिळतो. ऊर्जेचा हा हिशेब वजा करून पाहिले, तर पसारा जन्माच्या वेळी जेवढा होता तेवढाच उरतो. तो वाढविणे मात्र फार सोपे आहे: एखादे चुंबक किंचित तिरके बसावे, एखादे क्षेत्र किंचित असमान असावे, की झालेच.

या नियमाला एक पळवाट आहे, आणि ती आपल्या देशात इंदूर येथे पाहावयास मिळते. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन वर्तुळाकार यंत्रे आहेत. त्यांतील इलेक्ट्रॉनांचा जन्म तापलेल्या ऋणाग्रावर, एका लहानशा मायक्रोट्रॉन यंत्रात होतो. मग टप्प्याटप्प्याने ऊर्जा वाढवून त्यांना साठवण-वलयात सोडतात. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. तेथे इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरत राहतात, प्रत्येक वळणावर प्रकाश टाकतात आणि गमावलेली ऊर्जा पुन्हा मिळवितात. या देवघेवीत त्यांची जन्मजात चंचलता हळूहळू झिजून जाते. पाहता पाहता ते आपला उगम विसरतात आणि वलयाने ठरवून दिलेली शिस्त पत्करतात. तेथे ऋषीचे कूळ खरोखरच कोणी विचारीत नाही. परंतु ही शिस्तही वलयाच्या मर्यादेपलीकडे जात नाही, आणि इलेक्ट्रॉनांचे पुंजके तेथे पुरेसे आखूडही होत नाहीत. त्याहून बारीक, त्याहून आखूड पुंजके हवे असतील तर सरळ रेषेत धावणाऱ्या वेगवर्धकाकडेच वळावे लागते. तेथे इलेक्ट्रॉन एकदाच धावतो. त्याला विसरावयास वेळच मिळत नाही.

इतका अट्टहास कशासाठी, असा प्रश्न येथे सहज पडावा. त्याचे उत्तर क्ष-किरणांचा लेसर हे आहे. इलेक्ट्रॉनांचा झोत उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून पालटून मांडलेल्या चुंबकांच्या लांब रांगेतून सोडला, तर तो नागमोडी धावतो आणि प्रकाश टाकतो. या मार्गाने लेसर साधता येईल, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन मॅडी याने १९७१ साली दाखवून दिले. झोत पुरेसा प्रखर असेल, तर पुढे एक नवल घडते. इलेक्ट्रॉनांनी टाकलेला प्रकाशच त्यांना मागे-पुढे ढकलून, एकेका तरंगलांबीच्या अंतरावर, पातळ थरांत उभे करतो. मग सारे थर एका तालात प्रकाश टाकू लागतात आणि त्याची तीव्रता कित्येक पटींनी वाढत जाते. पण क्ष-किरणांची तरंगलांबी अणूच्या आकाराइतकी सूक्ष्म असते. इतक्या बारीक अंतरावर थर लागावयाचे, तर इलेक्ट्रॉनांच्या दिशा थोड्याशाही फाकून चालत नाहीत. पसारा वाढला की ताल चुकतो. मग किलोमीटरभर लांबीचे यंत्र, त्यावर खर्ची पडलेला पैसा आणि वर्षानुवर्षांचे श्रम असूनही शेवटी हाती येतो तो साधा, विस्कळीत प्रकाश. सारे यश अवलंबून असते ते उगमावर.

तापलेली तार या कामास सहसा अपुरी पडते. तिच्यातून इलेक्ट्रॉन अखंड पाझरत असतात. त्यांना वेळेचे भान नसते. वेगवर्धकातील विद्युत् क्षेत्र मात्र स्थिर नसून लाटेसारखे क्षणाक्षणाला उलटसुलट होत असते. लाटेच्या योग्य क्षणी जो इलेक्ट्रॉन पोचेल तो पुढे जातो. अवेळी पोचलेला मागे पडतो किंवा भलत्याच ऊर्जेने बाहेर येतो. येथे एका जुन्या शोधाने मार्ग दाखविला. प्रकाशाने, विशेषतः जंबुपार प्रकाशाने, धातूतून विद्युत् निसटण्यास मदत होते हे हाइन्रिख हर्ट्झच्या ध्यानात १८८७ साली आले होते, आणि त्याची उपपत्ती आइन्स्टाइनने १९०५ साली दिली. प्रकाशाचा एकेक कण धातूतील एकेका इलेक्ट्रॉनाला धक्का देतो. तो धक्का धातूच्या बंधनाहून मोठा असेल तर इलेक्ट्रॉन सुटतो. मग तार तापविण्याऐवजी धातूवर लेसरचा क्षणिक स्पंद टाकला, तर इलेक्ट्रॉन नेमके त्याच क्षणी आणि नेमक्या त्याच जागेतून निघतील. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉन फ्रेझर, रिचर्ड शेफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ च्या सुमारास ही कल्पना प्रत्यक्षात आणली. ऋणाग्र त्यांनी थेट वेगवर्धक पोकळीच्या भिंतीत बसविले. इलेक्ट्रॉन जन्मला की त्याच क्षणी त्याला तीव्र क्षेत्र मिळावे, हा त्यामागील हेतू होता. या साधनाला शास्त्रज्ञ बंदूक म्हणतात. नाव उग्र असले तरी काम मोठ्या नाजुकपणाचे आहे.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९६६ सालापासून तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा एक रेषीय वेगवर्धक आहे. त्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागाचा उपयोग करून क्ष-किरणांचा लेसर उभारावा, अशी सूचना क्लॉडिओ पेलेग्रिनी यांनी १९९२ साली केली. त्यासाठी पुढे जी बंदूक तयार झाली, तिचे उदाहरण घेऊ. तांब्याची एक पोकळी. तिची लांबी सुमारे अर्धी वीत. तिच्यात सेकंदाला २८५ कोटींहून अधिक वेळा दिशा बदलणारी विद्युत् चुंबकीय लाट कोंडलेली. तिच्या ऐन भरात ऋणाग्राजवळील क्षेत्र दर मीटरला सुमारे १२ कोटी व्होल्ट. मागची भिंत हेच ऋणाग्र, तेही तांब्याचेच. त्यावर सुमारे एक मिलिमीटर व्यासाचा जंबुपार प्रकाशाचा ठिपका पडतो, तो एका सेकंदाच्या अब्जांश भागाचाही काही हजारावा भाग एवढाच काळ. तेवढ्यात तेथून सुमारे दीडशे कोटी इलेक्ट्रॉन निघतात. आज भारताची जितकी लोकसंख्या आहे, त्याहून थोडे अधिकच. ही सारी मंडळी एका मिलिमीटरच्या ठिपक्यातून, एका दमात, एकाच दिशेने न्यावयाची आहेत.

त्यांच्या शिस्तीला तीन शत्रू आहेत. पहिला म्हणजे जन्माची चंचलता. प्रकाशकणाने दिलेल्या धक्क्यातून बंधनाचे मोल वजा जाता जी ऊर्जा शिल्लक राहते, ती इलेक्ट्रॉनाला आडवे-तिडवे भरकटवते. धातू थंड असला तरी त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांची ही चंचलता तापलेल्या तारेतून निघालेल्यांच्या तोडीची असू शकते. धक्का बेताचा, बंधनाहून जेमतेम अधिक द्यावा, तर चंचलता घटते. पण निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्याही घटते. दुसरा शत्रू म्हणजे त्यांचे आपसांतील वैर. सर्वांवर सारखाच ऋण भार असल्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याला दूर लोटतो. तिसरा शत्रू म्हणजे खुद्द वेगवर्धक क्षेत्राची असमानता. पुंजक्याच्या अग्रभागाला मिळणारा जोर आणि पिछाडीला मिळणारा जोर यांत थोडी तफावत राहतेच.

आराखडा करणाऱ्याची खरी अडचण ही की, एका शत्रूला हटविले की दुसरा बळावतो. जन्माचा पसारा कमी हवा म्हणून प्रकाशाचा ठिपका लहान करावा, तर इलेक्ट्रॉनांची दाटी होऊन वैर वाढते. शिवाय त्या दाटीलाही एक सीमा आहे. निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनांचे क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राला खाऊन टाकते आणि मागून येणारे आतच अडकतात. दाटी कमी व्हावी म्हणून स्पंद लांबवावा, तर पुंजक्याच्या दोन टोकांना क्षेत्राची वेगवेगळी अवस्था मिळते. क्षेत्रच अधिक तीव्र करावे, तर पृष्ठभागावरील एखाद्या सूक्ष्म टोकातून किंवा धुळीच्या कणातून नको असलेले इलेक्ट्रॉन फुटू लागतात, ठिणगी पडते आणि पोकळीचा पृष्ठभाग खराब होतो. म्हणून येथे अमुक एक गोष्ट सर्वांत चांगली, असे म्हणता येत नाही. प्रत्येक लाभाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, आणि शहाणपण असते ते कोठे किती मोजावे हे ठरविण्यात.

वैराच्या बाबतीत मात्र निसर्गानेच एक सवलत दिली आहे. इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचला की, त्यांच्या धावण्यामुळे उत्पन्न होणारे चुंबकीय आकर्षण त्यांच्या विद्युत् प्रतिकर्षणाला जवळजवळ पुरते उतारा ठरते. सापेक्षता सिद्धांतानुसार, स्टॅनफर्डच्या त्या अर्ध्या वितीच्या बंदुकीतून बाहेर पडताना इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांहून अधिक झालेला असतो, आणि त्यांच्यातील आडवे प्रतिकर्षण मूळच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी होते. म्हणजे धोक्याचा काळ अगदी थोडा असतो. जन्मानंतरचे पहिले काही सेंटिमीटर पार पडले की निम्मे संकट टळले. क्षेत्र इतके तीव्र ठेवण्याचा अट्टहास यासाठीच असतो.

तथापि त्या काही सेंटिमीटरांत जे नुकसान होते, त्याचे काय? पसारा एकदा वाढला की तो कमी होत नाही, हे आपण आताच पाहिले. पण १९८९ साली लॉस अलामॉस येथीलच ब्रूस कार्ल्स्टन याने दाखवून दिले की, या नुकसानीपैकी बराच भाग परत मिळविता येतो. हे कसे? पुंजका म्हणजे एकामागे एक रचलेल्या पातळ चकत्या आहेत, अशी कल्पना करू. मधल्या चकतीतील इलेक्ट्रॉनांना शेजाऱ्यांचा रेटा सर्वाधिक, तर टोकांच्या चकत्यांना तो कमी. म्हणून मधली चकती अधिक वेगाने पसरते, टोकांच्या चकत्या सावकाश पसरतात. प्रत्येक चकती स्वतःपुरती शिस्तीतच असते. बिघडलेला असतो तो त्यांचा परस्परांशी मेळ. घडीचा पंखा उघडावा तसा हा प्रकार होय. उघडलेला पंखा पुष्कळ जागा व्यापतो, पण त्याची एकेक काडी बारीकच असते. मग बंदुकीभोवती तारेचे एक वेटोळे ठेवून, त्याच्या चुंबकीय भिंगाने या चकत्यांना आत वळविले, तर ज्या चकत्या जास्त पसरल्या होत्या त्यांच्यावरील प्रतिकर्षणाचा परिणाम परतीच्या वाटेवर असा होतो की, त्या पुन्हा इतरांच्या ओळीत येऊ लागतात. पंखा मिटतो. नेमक्या त्याच ठिकाणी पुढचा वेगवर्धक सुरू करून ऊर्जा झपाट्याने वाढविली, की प्रतिकर्षण संपते आणि मिटलेला पंखा मिटलेलाच राहतो.

यातील मर्म मला फार महत्त्वाचे वाटते. अव्यवस्था दोन प्रकारची असते. एक अव्यवस्था नियमाने झालेली असते. तिचे कारण ठाऊक असते, म्हणून ती उलट पावली परतविता येते. दुसरी यदृच्छेने झालेली असते. तिला उपाय नाही. लिऊव्हिलच्या सिद्धांताला येथे बाध येत नाही. प्रत्येक काडीचा पसारा होता तेवढाच आहे. जन्माच्या वेळची चंचलता दुसऱ्या प्रकारची आहे. ती कोणत्याही वेटोळ्याने परत येणार नाही. म्हणून उगमाचा आराखडा करणाऱ्याचे पहिले काम असते ते या दोहोंतला भेद ओळखण्याचे, आणि दुसरे काम असते ते जेवढे म्हणून नुकसान अटळ आहे तेवढे पहिल्या प्रकारात बसविण्याचे.

यासाठी किती बारकाई लागते, याची दोन उदाहरणे देतो. पंखा नीट मिटावयाचा असेल, तर चकतीच्या मध्यापासून जसजसे बाहेर जावे त्या प्रमाणात रेटा वाढला पाहिजे. दुप्पट अंतरावर दुप्पट रेटा, असा सरळ हिशेब हवा. प्रकाशाचा ठिपका मध्ये उजळ आणि कडेला फिकट असेल, तर हा हिशेब बिघडतो. म्हणून लेसरचा ठिपका शक्य तितका सर्वत्र सारखा असावा, यासाठी आटापिटा करतात. गणित असे सांगते की, भार एकसारखा पसरलेल्या लंबगोलाच्या पोटात हा सरळ हिशेब तंतोतंत जुळतो. म्हणून पुंजक्याला तसा आकार देण्याचे प्रयत्नही झाले आहेत. दुसरे उदाहरण पोकळीचे. तिच्यात लाट आत सोडण्यासाठी एका बाजूला भोक ठेवावे लागते. त्या एका भोकामुळे आतील क्षेत्र किंचित एका अंगाला कलते. ते कलू नये म्हणून समोरासमोर दोन भोके ठेवून दोन्हीकडून लाट सोडली. कल गेला, पण दोन भोकांमुळे क्षेत्र किंचित लांबट झाले. तेव्हा पोकळीचा गोल आकारच थोडा बदलून, शर्यतीच्या धावपट्टीसारखा दोन अर्धवर्तुळे आणि मध्ये सरळ रेघ असा केला, आणि तो लांबटपणा मोडून काढला. ही सारी खटपट एका वितीहून लहान अशा तांब्याच्या तुकड्यासाठी.

तिचे फळ १० एप्रिल २००९ रोजी मिळाले. पुंजक्यातील भार मूळ योजनेच्या चौथाईवर आणल्याने झोताचा पसारा योजनेत धरलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला होता. त्या दिवशी १,३६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा झोत चुंबकांच्या रांगेतून गेला आणि दीड अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा क्ष-किरण लेसर उजळला. शंभर मीटरहून अधिक लांब अशी ती चुंबकांची रांग. पण सुमारे ६५ मीटरांतच प्रकाशाने आपली परमावधी गाठली. उगम चांगला म्हणून वाट आखूड झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०११ साली, वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात भाग घेणाऱ्या एका प्रथिनाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची रचना या किरणांनी टिपल्याचे प्रसिद्ध झाले. क्ष-किरणांच्या माऱ्याने स्फटिक नष्ट होतो, पण त्याआधीच त्याचे चित्र उमटलेले असते, इतका तो स्पंद क्षणिक असतो. पान सूर्यप्रकाश कसा पचविते, औषधाचा रेणू प्रथिनाला कोठे बिलगतो, हे प्रश्न आता या झोतापुढे मांडता येतात.

परंतु उत्तम उगमाचा मार्ग एकच आहे, असे मात्र समजू नये. जपानमध्ये २०११ साली सुरू झालेल्या साक्ला या क्ष-किरण लेसरासाठी तेथील शास्त्रज्ञांनी तापलेले ऋणाग्रच पसंत केले. सिरियम आणि बोरॉन यांच्या संयुगाचा एकसंध स्फटिक, तीन मिलिमीटर व्यासाचा, सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचा. पाच लाख व्होल्टांच्या स्पंदाने इलेक्ट्रॉन ओढावयाचे, आणि त्या धारेतला हवा तेवढाच तुकडा कापून घ्यावयाचा. एकसंध स्फटिकाचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि सावकाश, संयमाने केलेले आकुंचन यांच्या जोरावर त्यांनीही लेसर साधला. जुनी वाट टाकून देण्यापूर्वी ती शेवटपर्यंत चालून पाहावी, हा धडा यात आहे.

आणि नवी वाटही कायमची पुरत नाही. स्टॅनफर्डच्या पहिल्या यंत्रात सेकंदाला १२० स्पंद मिळत. शास्त्रज्ञांना ते दहा लाखांपर्यंत हवे झाले. येथे तांबे हरले. तांब्यावर पडणाऱ्या एक लाख प्रकाशकणांमागे जेमतेम काही थोडे इलेक्ट्रॉन निघतात. १२० स्पंदांना ते परवडते, पण दहा लाख स्पंदांना जंबुपार लेसरची शक्ती कित्येक वॉट लागेल आणि ती सतत, स्थिरपणे देणे फार कठीण. शिवाय इतके तीव्र क्षेत्र अखंड चालू ठेवले तर पोकळी उष्णतेने टिकणार नाही. म्हणून बर्कले येथील प्रयोगशाळेत वेगळी बंदूक तयार झाली. तिचे क्षेत्र पहिलीच्या सहाव्या हिश्शाएवढे, आणि तिची लाट १८६ मेगाहर्ट्झची. म्हणजे आपण ज्या एफ. एम. लहरींवर गाणी ऐकतो, त्यांच्या जवळजवळ दुप्पट कंप्रतेची. तीत सिझियम आणि टेल्यूरियम यांच्या संयुगाचे ऋणाग्र असते. ते शंभर प्रकाशकणांमागे काही इलेक्ट्रॉन सहज देते; मात्र ते फार नाजूक असून, त्यासाठी अत्यंत उच्च निर्वात लागतो. या उगमावर उभारलेल्या नव्या यंत्रातून सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला प्रकाश मिळाला. क्षेत्र दुबळे, म्हणून पुंजका आधी लांब ठेवावयाचा आणि मग हळूहळू आखूड करावयाचा. पुन्हा तोच व्यवहार, नव्या भावाने.

ही विद्या आपल्या देशातही रुजू लागली आहे. नवी दिल्ली येथील आंतरविद्यापीठीय वेगवर्धक केंद्राने दिल्ली लाइट सोर्स या नावाचा एक प्रकल्प हाती घेतला आहे. त्याचाही प्रारंभ लेसरने चालणाऱ्या, तांब्याचे ऋणाग्र असलेल्या बंदुकीनेच होतो. तेथे क्ष-किरणांची महत्त्वाकांक्षा नाही. सूक्ष्मतरंग आणि अवरक्त किरण यांच्या मधला, टेराहर्ट्झ नावाने ओळखला जाणारा प्रकाश निर्माण करावयाचा आहे. त्यासाठी लेसरचा एक स्पंद दोन, चार, आठ, सोळा अशा तुकड्यांत विभागून, इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यांची एक माळच ऋणाग्रावर जन्माला घालण्याची योजना आहे. पुढे चुंबकांच्या रांगेत इलेक्ट्रॉनांनी जो ताल धरावयाचा, तो त्यांना जन्मतःच द्यावयाचा, अशी ही कल्पना. यंत्र आकाराने लहान आहे. पण उगम घडविण्याचे कौशल्य लहान यंत्रातही तेवढेच कसास लागते, आणि जे हात येथे तयार होतील, ते उद्या मोठ्या यंत्रास उपयोगी पडतील. मोठे वेगवर्धक पैशाने उभारता येतात, त्यांचे भाग बाहेरून आणता येतात. ऋणाग्राचा पृष्ठभाग घासणारा, लेसरचा ठिपका रोज तपासणारा आणि वेटोळ्याची जागा केसाएवढ्या अंतराने सरकवून पाहणारा कसबी माणूस मात्र घरीच घडवावा लागतो.

मोठ्या यंत्रांकडे पाहताना आपली दृष्टी त्यांच्या लांबीवर आणि ऊर्जेच्या आकड्यांवर खिळते. ते स्वाभाविक आहे. पण त्या लांबीचे सार्थक एका मिलिमीटरच्या ठिपक्यावर आणि पहिल्या काही सेंटिमीटरांवर ठरत असते. तेथे जे यदृच्छेने बिघडते ते पुढे सुधारत नाही. जे नियमाने बिघडते ते सुधारता येते, पण तेही वेळीच, पंखा मिटण्याच्या त्या एका ठिकाणी. हे ठिकाण अगोदर हिशेबाने काढून ठेवणे आणि मग तेथेच वेगवर्धकाचे दार उघडणे, याचेच नाव उगमाचा आराखडा.